वाहन उद्योग आणि अध्यापन : दोन्हीकडे टिकणारी कारकीर्द कशी घडवावी

पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ पासून दिले जात आहे. पिंपरी, आकुर्डी आणि चाकण या पट्ट्यात दुचाकींपासून ट्रकपर्यंत सर्व प्रकारची वाहने तयार होतात, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था वेताळ टेकडीवर आहे. महाविद्यालये, कारखाने आणि चाचणी-केंद्रे इतकी जवळ असूनही त्यांच्यामध्ये माणसांची ये-जा फार थोडी होते. कंपनीत पंधरा-वीस वर्षे काढलेला अभियंता शिकवायला येऊ पाहतो, तेव्हा त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी नसते किंवा अनुभवाची कागदपत्रे अपुरी असतात. प्राध्यापक कंपनीकडे वळू पाहतात, तेव्हा शोधनिबंधांची यादी असते, पण स्वतः मोजलेले, जोडलेले आणि बिघडल्यावर दुरुस्त केलेले असे काही दाखवता येत नाही. या दोन्ही अडचणी आधीपासून तयारी केली तर टाळता येतात. मी या दोन्ही क्षेत्रांत काम केलेले आहे आणि ज्यांना तसे करायचे आहे, विशेषतः यंत्र, वाहन आणि विद्युत शाखांच्या तरुण अभियंत्यांसाठी, हा लेख क्रमवार लिहितो आहे.

पहिली पायरी : एक विषय धरा आणि तो सोडू नका

नोकरी बदलता येते, पद बदलता येते, पण ज्याचा तांत्रिक विषय दर तीन वर्षांनी बदलतो त्याला प्रत्येक ठिकाणी शून्यापासून सुरुवात करावी लागते. ब्रेक, टायर आणि वाहनगतिकी, आवाज व कंपने, ज्वलन व उत्सर्जन, बॅटरी आणि तिचे शीतन, बॉडीची रचना व अपघात-सुरक्षा, नियंत्रण-प्रणालीचे सॉफ्टवेअर, यांपैकी एक विषय पहिल्या दोन-तीन वर्षांत निश्चित करावा. पुढे कंपनीतील प्रकल्प, पीएचडीचा विषय, वर्गात मागून घ्यायचा पेपर आणि बाहेरची सल्लागारी हे सर्व त्याच विषयाभोवती उभे करावे.

जर्मनीत अशा कारकिर्दींची परंपरा जुनी आहे. वुनिबाल्ड काम्म यांनी डाइमलरमध्ये काम केले, १९३० मध्ये ते श्टुटगार्टला प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी तेथे वाहने व इंजिने यांच्या संशोधनाची संस्था त्यांनी उभी केली. टायरला रस्त्यावर मिळणारी एकूण पकड मर्यादित असते आणि तीच ब्रेक लावणे व वळणे यांत वाटली जाते, हे दाखवणाऱ्या वर्तुळाला जर्मन अभियंते आजही काम्म यांचे नाव देतात. एर्न्स्ट फियाला हे आधी डाइमलर-बेंझमध्ये होते, नंतर बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९७० च्या दशकात फोक्सवॅगनच्या संशोधन व विकासाचे प्रमुख झाले. टायरच्या वर्तनाचे त्यांचे गणिती प्रारूप १९५४ चे आहे आणि वाहनगतिकीच्या संगणकीय प्रणालींमध्ये ते आजही आढळते. तेथील उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत प्राध्यापकपदासाठी सामान्यतः किमान पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो आणि त्यातील तीन वर्षे विद्यापीठाबाहेरची असावी लागतात. जर्मन कंपन्यांच्या पुण्यातील शाखांमध्ये काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांनी हा नियम लक्षात ठेवावा, कारण कंपनीतर्फे जर्मनीत काढलेली वर्षे पुढे तिथल्या अध्यापनासाठीही उपयोगी पडू शकतात.

विषय निवडताना उद्योग कोणत्या दिशेने जात आहे हे पाहावे. १ एप्रिल २०१७ रोजी देशभर वाहनांच्या धुरावरील मर्यादांचे भारत स्टेज ४ हे मानक लागू झाले आणि पाचवा टप्पा वगळून १ एप्रिल २०२० पासून थेट भारत स्टेज ६ आले. त्या काळात इंजिन-कॅलिब्रेशन (इंजिनाच्या नियंत्रणातील मूल्ये नेमकी जुळवणे) आणि धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या जाणकारांना मोठी मागणी होती. विद्युत वाहने वाढत असताना केवळ ज्वलनावर संपूर्ण कारकीर्द बेतणे मला धोक्याचे वाटते. ब्रेक, टायर, कंपने, उष्णता-व्यवस्थापन आणि नियंत्रण हे विषय मात्र गाडी डिझेलवर चालो वा बॅटरीवर, शिल्लक राहणारच आहेत. विद्युत गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पूर्वी झाकला जाणारा गिअरचा आणि टायरचा आवाज कानावर येतो, त्यामुळे कंपनांच्या अभ्यासकाला उलट अधिक काम आहे.

दुसरी पायरी : सुरुवात उद्योगात करा, आणि चाचणीच्या जवळ करा

दोन्ही क्षेत्रांचा विचार असेल तर पहिली चार-पाच वर्षे उद्योगात काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी गाडी कल्पनेपासून उत्पादनापर्यंत जायला साधारण तेवढाच काळ लागतो. रेखाटन, पहिला नमुना, चाचणीत झालेले तुकडे, बदललेला भाग, सप्लायरकडून आलेली पहिली खेप आणि ग्राहकाची पहिली तक्रार हे सगळे चक्र एकदा डोळ्यांसमोर पूर्ण झाले, की पुढे वर्गात बोलण्याला वजन येते.

विभाग निवडण्याची संधी मिळाली तर चाचणी व प्रमाणीकरण, उत्पादन-विकास किंवा कॅलिब्रेशन घ्यावे. नुसते प्रकल्प-समन्वयाचे काम, ज्यात दिवसभर तक्ते भरणे आणि बैठका बोलावणे एवढेच असते, ते पगाराला चांगले असले तरी वर्गात नेण्यासारखे त्यातून थोडेच हाती लागते. संधी फक्त मोठ्या कंपन्यांतच असतात असेही नाही. वाळूज, नाशिक किंवा कोल्हापूर येथील सुटे भाग आणि कास्टिंग बनवणाऱ्या मध्यम कारखान्यात एकाच अभियंत्याला डिझाइन, साचा, तपासणी आणि ग्राहक असे सगळे पाहावे लागते, आणि ते शिक्षण विलक्षण असते.

या वर्षांत एक वही ठेवावी. कंपनीची रेखाटने, आकडे किंवा ग्राहकांची नावे तीत कधीही लिहू नयेत, कारण गोपनीयता करार नोकरी सोडल्यानंतरही बहुधा लागू राहतो. बिघाडाचा प्रकार, मूळ कारण शोधताना कोणता विचार चुकीचा ठरला आणि कोणत्या मोजमापाने खात्री झाली, एवढेच सर्वसाधारण भाषेत लिहून ठेवावे. पुढे वर्गात याच नोंदींतून उदाहरणे तयार होतात.

तिसरी पायरी : पदव्या नोकरीत असतानाच पूर्ण करा

अभियांत्रिकी पदवी महाविद्यालयांतील नेमणुकांसाठी एआयसीटीईचे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे) २०१९ चे नियम पाहावेत. सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित शाखेत बीई किंवा बीटेक आणि एमई किंवा एमटेक या दोन्ही पदव्या लागतात आणि त्यांपैकी एकीत प्रथम श्रेणी असावी लागते. सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएचडी, मान्यताप्राप्त नियतकालिकांत किमान सहा शोधनिबंध आणि किमान आठ वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो, ज्यातील दोन वर्षे पीएचडीनंतरची असावीत. हा अनुभव अध्यापन, संशोधन किंवा उद्योग यांपैकी कोणताही चालतो. कंपनीतील वर्षे वाया जातात ही समजूत म्हणूनच खरी नाही. ती मोजली जातात, पण पदवी आणि निबंध नसतील तर मोजण्याची वेळच येत नाही.

पीएचडी अर्धवेळ करता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार तिला किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षे लागतात, आणि अर्धवेळ संशोधकाला नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. कर्मचाऱ्याला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, त्याच्या कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो आणि आवश्यक असल्यास अभ्यासक्रमासाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल, या तीन गोष्टी त्या पत्रात स्पष्ट असाव्यात. मनुष्यबळ विभागाकडून येणाऱ्या ठरावीक मजकुरात तिसरी गोष्ट बहुतेक वेळा नसते, म्हणून मसुदा आपणच लिहून द्यावा.

मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा प्रयोगशाळा पाहावी. ज्या मार्गदर्शकाकडे आपल्या विषयाचे चाचणी-उपकरण चालू स्थितीत आहे आणि ते चालवणारा तंत्रज्ञ आहे, तिथे काम पुढे सरकते. संशोधनासाठी कंपनीची माहिती वापरायची असेल तर ती प्रकाशित करण्याची लेखी परवानगी विषय नोंदवण्यापूर्वीच घ्यावी. नोंदणीनंतर तिसऱ्या वर्षी परवानगी नाकारली गेली म्हणून पूर्ण झालेले काम पडून राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मूळ आकड्यांऐवजी गुणोत्तरे देणे किंवा तोच प्रयोग महाविद्यालयातील उपकरणावर स्वतंत्रपणे करणे हे दोन मार्ग बहुतेक कंपन्यांना मान्य होतात.

चौथी पायरी : महाविद्यालयात प्रवेश कसा करावा

नोकरी सोडण्यापूर्वी एक-दोन सत्रे शनिवारी अतिथी व्याख्याने द्यावीत. शिकवणे आपल्याला खरोखर आवडते का आणि त्या महाविद्यालयातील वातावरण कसे आहे, हे दोन्ही त्यातून कळते. तासिका तत्त्वावरील काम हीदेखील चांगली चाचणी आहे, मात्र त्याचा अनुभव नियमित नेमणुकीच्या वेळी कसा धरला जाईल याची चौकशी आधीच करावी.

नियमित नेमणुकीत सर्वांत जास्त लक्ष विद्यापीठाच्या मान्यतेकडे द्यावे. संस्थेने दिलेले नियुक्तिपत्र आणि विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत झालेली मान्यताप्राप्त नियुक्ती यांत फरक आहे. पुढे पदोन्नती, पीएचडी मार्गदर्शक म्हणून मान्यता आणि अनुभवाची मोजणी यांसाठी दुसरीच उपयोगी पडते. मुलाखतीच्या वेळी हा प्रश्न थेट विचारावा, त्यात संकोचण्याचे कारण नाही.

उद्योगातील अनुभव सिद्ध करण्यासाठी प्रत्येक कंपनीचे अनुभव प्रमाणपत्र हवे. त्यावर पद, रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, नोकरी पूर्णवेळ होती हे आणि कामाचे स्वरूप लिहिलेले असावे. केवळ कार्यमुक्तीचे पत्र पुरत नाही. जोडीला फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक जपून ठेवावे, कारण बंद पडलेल्या किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झालेल्या कंपनीकडून दहा वर्षांनी प्रमाणपत्र मिळवणे फार कठीण जाते. आणखी एक अडचण पदवीच्या नावाची असते. वाहन अभियांत्रिकी किंवा मेकॅट्रॉनिक्स या शाखांची पदवी यंत्र अभियांत्रिकीच्या जागेसाठी संबंधित मानली जाते की नाही, हे अर्ज करण्यापूर्वी तपासावे.

पंधरा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्यांसाठी वेगळा मार्ग आहे. अनुदान आयोगाने २०२२ मध्ये उद्योगातील तज्ज्ञांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमण्याची तरतूद केली. त्यासाठी औपचारिक पदवीची अट नाही, मात्र वरिष्ठ स्तरावरील किमान पंधरा वर्षांचा अनुभव अपेक्षित आहे. सुरुवातीची नेमणूक एका वर्षापर्यंतची असते आणि एकूण कालावधी सामान्यतः तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. अशा जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात, आणि अध्यापन-व्यवसायात असलेल्या किंवा त्यातून निवृत्त झालेल्यांना त्या खुल्या नाहीत. स्थिर नोकरी म्हणून या पदाकडे पाहू नये, परंतु नवा अभ्यासक्रम किंवा प्रयोगशाळा उभी करायची असेल तर ते उत्तम आहे.

पाचवी पायरी : वर्गातील पहिले वर्ष

कंपनीतून आलेला शिक्षक पहिल्या सत्रात बहुधा अनुभव सांगत राहतो आणि अभ्यासक्रम मागे पडतो. विद्यार्थ्यांना गोष्टी आवडतात, पण परीक्षेच्या सुमारास ते हवालदिल होतात. उपाय असा, की प्रत्येक अनुभव एका गणिताशी बांधावा. ब्रेकचे उदाहरण घेऊ.

समजा गाडीचे वस्तुमान १२०० किलो आहे, पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.५ मीटर आहे, गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर आहे आणि उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर ७२० व मागच्या चाकांवर ४८० किलो भार येतो. गाडी ०.८ जी (गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट) इतक्या मंदनाने थांबवली तर पुढे सरकणारा भार १२०० × ०.८ × ९.८१ × ०.५५ भागिले २.५, म्हणजे सुमारे २०७० न्यूटन, अर्थात साधारण २११ किलोइतका येतो. आता पुढे ९३१ किलो आणि मागे केवळ २६९ किलो राहिले. उभ्या गाडीत चाळीस टक्के असलेला मागचा वाटा बावीस टक्क्यांवर आला. इथपर्यंत पाठ्यपुस्तकात असते.

यापुढे उद्योगातील शिक्षकाचे काम सुरू होते. उभ्या गाडीतील भारानुसार ब्रेकबल वाटले तर जोरात ब्रेक लावताच मागची चाके आधी लॉक होतील, म्हणजे फिरायची थांबून घसरू लागतील, त्यांची बाजूची पकड जाईल आणि गाडी फिरेल. पुढची चाके आधी लॉक झाली तर गाडी वळणार नाही, पण निदान सरळ जाईल. म्हणूनच मागची चाके आधी लॉक होऊ नयेत याची काळजी डिझाइनमध्ये घेतलेली असते. मग विद्यार्थ्यांना विचारावे, की डिकीत सामान आणि मागे तिघे बसले तर काय बदलेल? घाट उतरताना पॅड तापून त्याचा घर्षणगुणांक कमी झाला तर? पॅडच्या एका खेपेचा घर्षणगुणांक ०.३५ आणि दुसऱ्या खेपेचा ०.४२ निघाला तर? आणि १२५ सीसीपुढील दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, तरी यांत्रिक वाटप नीट करण्याची गरज का उरली? हे प्रश्न एका तासात सुटत नाहीत आणि सुटू नयेत. त्यांतला एक प्रयोगशाळेत मोजायला द्यावा, एक गृहपाठाला द्यावा आणि एक तोंडी परीक्षेत विचारावा. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी आणि गाडी समजलेला विद्यार्थी यांतला फरक तिथे लगेच दिसतो.

महाविद्यालयात बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी गाडी बनवण्याच्या स्पर्धांचा संघ असेल तर त्याची जबाबदारी आनंदाने घ्यावी. भारतातील बाहा स्पर्धा २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला होत आली आहे. गाडी बनवण्याचा भाग विद्यार्थी उत्साहाने करतातच. शिक्षकाने त्यांच्याकडून बिघाड-विश्लेषणाचा तक्ता, बदलांची नोंद आणि चाचणीची योजना करून घ्यावी, कारण स्टिअरिंगचा रॉड-एंड (दांड्याच्या टोकाचा सांधा) का तुटला याची लेखी मीमांसा करणारा मुलगा पुढे कोणत्याही मुलाखतीत उठून दिसतो.

सहावी पायरी : शिक्षकाने उद्योगाकडे जाताना

हा उलट प्रवास अधिक अवघड आहे. वयाच्या पस्तिशीनंतर कंपनी विचारते, की तुम्ही उद्या सकाळी येऊन नेमके कोणते काम हाती घ्याल. ‘मी दहा वर्षे यंत्र-रचना शिकवतो’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. परिमित घटक पद्धतीने (भागाचे छोटे तुकडे कल्पून संगणकावर केलेल्या गणिताने) थकवा-आयुष्य, म्हणजे वारंवार भार पडून भाग कधी तुटेल हे, काढणे, कंपन-मापन आणि त्याचे विश्लेषण, बॅटरी-पॅकच्या उष्णतेचे प्रारूप, नियंत्रण-प्रणालीचे प्रारूप बनवून तपासणे यांपैकी एखादे काम स्वतः करून दाखवता आले पाहिजे. त्यासाठी दोन-तीन उन्हाळी सुट्ट्या कारखान्यात किंवा चाचणी-केंद्रात काढाव्यात. विनावेतन असले तरी चालेल, पण काम खरे असावे, केवळ भेट नसावी.

शोधनिबंधांची यादी अर्जाच्या शेवटी न्यावी आणि सुरुवातीला समस्या, आपण केलेले मोजमाप व निघालेला निष्कर्ष अशी तीन-चार कामे प्रत्येकी चार ओळींत मांडावीत. उद्योगाची रोजची परिभाषा आधीच शिकून घ्यावी. ग्राहकाकडून भाग मंजूर करून घेण्याची पद्धत, बिघाड-विश्लेषणात २०१९ नंतर जोखमीच्या आकड्यांच्या गुणाकाराऐवजी आलेला कृती-प्राधान्याचा निकष, विद्युत-इलेक्ट्रॉनिक प्रणालींच्या सुरक्षिततेचे आयएसओ २६२६२ हे मानक, आणि दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठीचे एआयएस १५६ हे मानक माहीत असलेला प्राध्यापक मुलाखतीत वेगळा ठरतो. राजीनामा देण्यापूर्वी संस्थेच्या नियमांत अभ्यास रजा किंवा पदावरील हक्क राखून बाहेर जाण्याची सोय आहे का, हेही पाहावे. अनुदानित आणि शासकीय संस्थांत ती अनेकदा असते, पण कोणी विचारत नाही.

सातवी पायरी : एका जागी राहून दोन्हीकडे काम

सर्वांनाच नोकरी बदलावी लागते असे नाही. महाविद्यालयात राहून कंपनीसाठी सल्लागारीचे काम करता येते, आणि माझ्या मते अनेकांसाठी हाच सर्वांत समाधानाचा मार्ग आहे. करार संस्थेमार्फतच करावा. कामाची व्याप्ती, निष्कर्षांवरील मालकी, पेटंट कोणाच्या नावे होईल, किती महिन्यांनी निबंध प्रसिद्ध करता येईल आणि विद्यार्थ्यांना मानधन किती, हे सर्व त्यात लिहिलेले असावे. विद्यार्थ्यांकडून कंपनीचे काम फुकट करून घेणे कोणत्याही सबबीखाली योग्य नाही. मोजमापाची उपकरणे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट केलेली असावीत, नाहीतर कितीही चांगला अहवाल कंपनीच्या गुणवत्ता विभागात अडकतो.

पैशाचे आणि वेळेचे हिशेब

कंपनीतून महाविद्यालयात येताना पगार घटण्याची तयारी ठेवावी. सातव्या वेतन आयोगावर आधारित एआयसीटीईच्या वेतनश्रेणीनुसार सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, मात्र खासगी संस्था प्रत्यक्षात काय देते आणि वेळेवर देते का, हे तेथील दोन-तीन शिक्षकांना विचारूनच निर्णय घ्यावा. ग्रॅच्युइटीसाठी कायम कर्मचाऱ्याला सामान्यतः सलग पाच वर्षांची सेवा लागते, त्यामुळे चार वर्षे सहा महिन्यांनी नोकरी सोडण्यापूर्वी दिनदर्शिका पाहावी. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क ३ एप्रिल १९९७ पासून लागू झालेला आहे, हे अनेक खासगी महाविद्यालयांतील शिक्षकांना माहीत नसते. भविष्य निर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करावा, म्हणजे सेवेची सलगता कागदावर राहते.

सत्र जून-जुलैत सुरू होते आणि कंपन्यांत नोटिशीचा काळ बहुधा दोन-तीन महिन्यांचा असतो. याचा अर्थ राजीनामा मार्च-एप्रिलमध्ये द्यावा लागतो, म्हणजे निवड समितीची मुलाखत त्याआधी व्हायला हवी, आणि त्यासाठी महाविद्यालयांशी बोलणे आदल्या दिवाळीच्या सुमारास सुरू करावे. कंपनीत आपण जो नमुना तपासत असू, त्याची चाचणी मध्येच टाकून जाऊ नये. ती पूर्ण करून अहवाल सोपवण्याची तारीख वरिष्ठांशी ठरवावी आणि नियुक्तिपत्रावर रुजू होण्याची तारीख त्यानंतरची मागून घ्यावी. वाहन उद्योगात माणसे एकमेकांना ओळखतात, आणि पुढे प्रकल्पासाठी, विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी किंवा परत येण्यासाठी आपल्याला त्याच वरिष्ठांना फोन करायचा असतो.